नजरेआडचे दहा दिवस

वासंतीने जयंतरावांचा उजवा हात मांडीवर घेतला, मिटलेली बोटं एकेक करून सोडवली आणि नखं कापायला सुरुवात केली. कापण्यासारखं फारसं काही नव्हतंच. तरी ती नेलकटर नखांच्या कडेकडेने फिरवत राहिली.

"रविवारी... कापली," जयंतराव म्हणाले.

"माहीत आहे. पण दहा दिवसांत वाढतील. अलकाला कुठं सुचणार आहे हे."

अलका, तिची धाकटी जाऊ, समोरच्या खुर्चीत बसून वही वाचत होती. वासंतीने दोन आठवडे खपून ती लिहिली होती. चौदा पानं. सकाळचं कोमट पाणी, कुठली गोळी खाण्याआधी आणि कुठली नंतर, कोणत्या कुशीवर किती वेळ, भात किती मऊ, घास केवढा. 'एकट्याने उठू द्यायचं नाही' हे वाक्य तीन ठिकाणी होतं आणि तिन्ही ठिकाणी त्याखाली रेघ होती.

"वहिनी," अलका पान उलटत म्हणाली, "यात मी श्वास केव्हा घ्यायचा ते नाही लिहिलं."

जयंतरावांच्या तोंडाची डावी बाजू हलली. ते हसले की असं दिसायचं. वासंती हसली नाही. अलका देवासच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. तीस वर्षं मुलींना खो-खो शिकवून मागच्या वर्षी निवृत्त झाली होती. तिच्या हाती नवऱ्याला सोपवून जाणं म्हणजे काचेचं भांडं मैदानात ठेवून जाण्यासारखं वासंतीला वाटत होतं.

सहा वर्षांपूर्वी जयंतरावांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि शब्द अडखळायला लागले; डोकं मात्र शाबूत राहिलं. पहिले काही महिने फिजिओथेरपिस्ट यायचा, चार पायांची काठी घेऊन ते खोलीतल्या खोलीत चालायचेही. मग एका दुपारी वासंती औषधं आणायला फ्रीगंजच्या बाजारात गेली. उज्जैनच्या नानाखेड्यातल्या घरून ऑटोने जाऊन येऊन पाऊण तास. तेवढ्यात ते एकटे बाथरूमला निघाले आणि पडले. ती परत आली तेव्हा ते फरशीवर होते, आणि किती वेळापासून ते त्यांना सांगता येत नव्हतं. खुब्याचं ऑपरेशन झालं, प्लेट बसली. मग लॉकडाउन लागला, फिजिओ यायचा थांबला. काठी माळ्यावर गेली. त्या दुपारनंतर वासंती वीस मिनिटांहून जास्त वेळ घराबाहेर राहिलेली नव्हती. देवघरातली पितळेची घंटी तिने त्यांच्या उशाशी आणून ठेवली. ती वाजली की हातातलं टाकून ती धावायची. बऱ्याचदा वाजायच्या आधीच.

डॅन्यूब नदीची सहल खरं तर जयंतरावांची होती. कॉलेजात ते भूगोल शिकवायचे, आणि जर्मनीच्या जंगलापासून काळ्या समुद्रापर्यंत ती नदी खडू न उचलता एका रेषेत फळ्यावर काढून दाखवायचे. दहा देश, ओळीने, तोंडपाठ. त्यांचे जुने विद्यार्थी अजून रस्त्यात वासंतीला थांबवून ते सांगायचे. त्यामुळे म्यूनिकला नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीने, मृण्मयीने, बोटीचं बुकिंग केलं तेव्हा आधी बाबांनाच विचारलं. त्यांना विमानाचा प्रवास झेपणारा नव्हता. "आईला... ने," ते म्हणाले.

वासंतीने दोन महिने नकार दिला. मग एके दिवशी ती त्यांची दाढी करत असताना त्यांनी तिचं मनगट धरलं.

"मी नाही... बघणार आता. तू... बघून ये."

त्या रात्री तिने मृण्मयीला होकार कळवला.

*

पासाऊ गावात तीन नद्या एकत्र येतात. मृण्मयीने तिला टोकावर उभं करून दाखवलं: एक काळसर, एक दुधाळ हिरवी आणि मधली डॅन्यूब. बऱ्याच अंतरापर्यंत तिघी एकमेकींत न मिसळता शेजारी शेजारी वाहत होत्या. वासंतीने घड्याळात पाहिलं. उज्जैनला दीड वाजला होता.

"आई, निदान एक मिनिट बघ तरी."

"जेवायला बसवलं असेल का गं? अलका पाठीशी उशी देते की नाही देव जाणे."

तिने फोन लावला. अलकाने उचलला.

"जेवले वहिनी. तुम्ही फिरा."

"किती जेवले? घास लहान करतेस ना?"

"जेवले म्हणते आहे ना. बिलकुल टेंशन घेऊ नका. ठेवते, कुकर लावला आहे."

बोटीवरच्या त्यांच्या खोलीला पाण्याच्या बाजूने भिंतभर काच होती. पलंगावर पडलं की काठ सरकताना दिसायचा. पहिल्या दिवशी प्रवासाच्या थकव्याने वासंती संध्याकाळीच आडवी झाली. घंटेच्या आवाजाने जाग आली तेव्हा ती "आले, आले" म्हणत उठून दारापर्यंत पोचली होती. दाराची मूठ ओळखीची वाटेना. मागे वळून पाहिलं तर काचेबाहेर लख्ख ऊन होतं. काठावरच्या एका खेड्यातल्या चर्चची घंटा वाजत होती. सकाळचे आठ.

मृण्मयी उशीत तोंड खुपसून तिच्याकडे बघत होती. "बारा तास झोपलीस आई."

वासंती पलंगाच्या कडेला बसली. सहा वर्षांत ती सलग तीन तासांवर झोपलेली नव्हती. अंग इतकं हलकं झालं होतं की ते आपलंच आहे का असं तिला वाटलं, आणि मग कशाने कोण जाणे, ती रडायला लागली. मृण्मयी उठून जवळ येऊन बसली.

त्या दुपारी जेवणघरात एक म्हातारे गृहस्थ सूपचा बाऊल दोन्ही हातांत धरून आपल्या टेबलाकडे चालले होते. हात थरथरत होते, सूप काठाशी येऊन हिंदकळत होतं. वासंती उठली, दोन पावलांत त्यांच्यापाशी पोचली आणि बाऊल त्यांच्या हातातून काढून घेतला. गृहस्थ थांबले. त्यांचा चेहरा लाल झाला आणि ते मोठ्या आवाजात काहीतरी बोलले. आजूबाजूचे काटे-चमचे थांबले.

वासंतीने बाऊल त्यांच्या टेबलावर ठेवला आणि परत येऊन बसली.

"काय म्हणाले गं?"

"सोड ना."

"सांग."

मृण्मयीने आवाज खाली आणला. "म्हणाले, ते माझं सूप आहे."

"मी काय पळवणार होते का? सांडलं असतं तर भाजलं असतं त्यांना."

"आई, त्यांनी मदत मागितली नव्हती."

"मागायची वाट बघायची असते का!" वासंती म्हणाली. मग तिने मान खाली घालून जेवण संपवलं. त्या गृहस्थांकडे बघायचं नाही असं ठरवूनही ती अधूनमधून बघत राहिली. त्यांनी सगळं सूप एकट्याने संपवलं होतं. थोडं टेबलावर सांडलं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच नॅपकिनने पुसलं.

ती दिवसातून तीनदा फोन करायची. प्रत्येक वेळी अलकाच उचलायची. जयंतराव कधी झोपलेले असायचे, कधी आंघोळीला बसलेले. एकदा दीर श्रीपादने उचलला आणि "दादा बाहेर..." एवढं म्हणून थांबला, मग "म्हणजे, बाहेरच्या खोलीत आहे," असं म्हणाला. त्यांना बाहेरच्या खोलीत नेलं कोणी, कसं? चाकाची खुर्ची त्या उंबऱ्यावरून जात नव्हती.

मंगळवारी बोट वाखाउ नावाच्या खोऱ्यातून चालली होती. मृण्मयीला ऑफिसचं काहीतरी काम निघालं म्हणून ती खाली खोलीत बसली होती. वासंती एकटीच वरच्या डेकवर गेली, एका आरामखुर्चीत टेकली आणि पाय वर घेतले.

दोन्ही बाजूंना डोंगरउतारावर द्राक्षाचे मळे होते, दगडी बांधांनी पायऱ्यापायऱ्यांसारखे रचलेले. मधूनच एखादं गाव, एक मनोरा, वाळत घातलेल्या चादरी. काठाजवळ पाण्यात गळ्यापर्यंत बसून दोन बायका गप्पा मारत होत्या. एकीच्या डोक्यावर टोपी होती. मग एका वळणाजवळ नदी ओलांडणारी सपाट तराफ्यासारखी एक नाव दिसली. तिच्यावर दोन मोटारी आणि एक सायकलवाला उभा होता. इंजिनाचा आवाज नाही, वल्ही नाहीत. दोन्ही काठांच्या मध्ये उंच तार बांधलेली होती, नाव त्या तारेला अडकवलेली होती, आणि प्रवाह स्वतःच तिला तिरपं ढकलत पलीकडे नेत होता. सायकलवाल्याने वासंतीकडे बघून हात केला. तिने केला.

ह्यांना सांगायला हवं, असं तिच्या मनात आलं. अडतीस वर्षांच्या संसारात काही नवं पाहिलं की तिच्या मनात पहिलं हेच यायचं. पण या वेळी ते आलं आणि पाण्यावरून निघून गेलं. तिला कुणालाच काही सांगायचं नव्हतं. वारा येत होता, उन्हाला कसलासा गोडसर वास होता, आणि तिच्याकडून कुणालाही काहीही नको होतं. नानाखेड्याहून रामघाट ऑटोने वीस मिनिटांवर. गेल्या सहा वर्षांत ती क्षिप्रेच्या काठी एकदाही गेली नव्हती, हे तिला इथे, या परक्या नदीवर आठवलं. आणि मग अगदी स्पष्ट शब्दांत तिच्या मनात आलं: परत नाही गेलं तर?

तिने तो विचार हाकलला नाही. त्याच्या सोबतीनेच ती तशीच बसून राहिली.

मृण्मयी वर आली तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. "घरी काय म्हणतायत? बाबा कसे आहेत?"

वासंतीने पायांवरचा स्कार्फ उचलला. "मी फोन नाही केला."

"एकदाही?"

"विसरले," ती म्हणाली, आणि हा शब्द उच्चारताना तिचा हात तोंडाशी गेला.

तिने लगेच फोन लावला. उचलला गेला नाही. पुन्हा लावला. श्रीपादचाही बंद. तिसऱ्या खेपेला अलकाचा आवाज आला, धाप लागल्यासारखा. मागे कुणीतरी बोलत होतं. तो आवाज घरातला नव्हता.

"वहिनी, सगळं ठीक आहे. उद्या करते तुम्हाला."

"कुठं आहात तुम्ही? हे कुठं आहेत? अलका!"

"इथंच आहेत. ठीक आहेत. उद्या, हं."

फोन बंद झाला. वासंती डेकच्या कठड्याला धरून उभी राहिली. मघाचेच मळे, मघाचीच नदी. पण तिला आता त्यातलं काही दिसत नव्हतं. आपण इथे काय मनात आणलं आणि त्याच घटकेला तिथे काय घडलं असेल, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. देव इतक्या लवकर ऐकत नाही कधी, पण हे ऐकलं असेल.

"व्हिएन्नाला उतरू. तिथून विमान मिळेल," ती म्हणाली.

मृण्मयीने वाद घातला नाही. तिने काकाला, काकूला, शेजारच्यांना, सगळ्यांना मेसेज टाकले. सकाळी बोट व्हिएन्नाच्या धक्क्याला लागत असताना वासंतीचा फोन वाजला. आवाज जयंतरावांचा होता. सहा वर्षांत त्यांनी कधी स्वतःहून फोन केला नव्हता.

"वासंती. मी... ठीक. येऊ नकोस."

"कुठं आहात? काय झालं काल?"

"घरी. बुडापेस्ट... बघून ये. संसदेची इमारत... पाण्यावरून बघ. अर्धवट... नको."

ती रडत ऐकत राहिली. ती बुडापेस्टपर्यंत गेली. पाण्यावरून इमारत पाहिली. सोनेरी होती, खूप मोठी होती. पण तिच्या मनाने तिला धड बघू दिलं नाही.

*

इंदूरच्या विमानतळावर श्रीपाद न्यायला आला होता. वाटेत तिने त्याला खोदून खोदून विचारलं. तो गाडी चालवत राहिला. "दादा ठीक आहे वहिनी. बघालच आता," एवढंच.

गाडी फाटकाशी थांबली. जयंतराव व्हरांड्यात बसले होते. चाकाच्या खुर्चीत नाही, वेताच्या खुर्चीत. अंगात इस्त्रीचा सदरा, बटणं एक घर चुकून लावलेली. खुर्चीला ती चार पायांची काठी टेकवलेली होती. आणि डाव्या भुवईवर कपाळभर हिरवट पिवळा डाग होता.

वासंतीच्या खांद्यावरची पर्स घसरून कोपरावर आली.

"हे काय?"

"पडलो," जयंतराव म्हणाले. त्यांच्या आवाजात जवळजवळ बढाई होती. "मंगळवारी."

ती पायरीवरच बसली. मंगळवार. आरामखुर्ची, तिरपी जाणारी नाव, उन्हाचा तो वास.

अलका हात पुसत बाहेर आली. वासंतीने तिच्याकडे पाहिलं.

"तू मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तुम्ही नदीतून पोहत आल्या असता."

"त्यांच्या खुब्यात प्लेट आहे, अलका! मी तीन ठिकाणी लिहून ठेवलं होतं. तीन ठिकाणी."

"वाचलं मी. दवाखान्यात नेलं लगेच. तुमचा फोन आला तेव्हा एक्स-रेच्या बाहेरच बसलो होतो. हाडाला काही नाही झालं. पलंगाची कड लागली कपाळाला." अलका थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, त्यांना उठवलं नाही मी. हे आणि मी, दोघं दारात उभे होतो. त्यांनी हात लावूच दिला नाही. पलंगाला धरून स्वतः उठले. वेळ लागला खूप. मग काठी मागितली. म्हणजे काठी तर पहिल्याच दिवशी मागितली होती त्यांनी. मी माळ्यावरून काढून दिली."

"मेले असते ते!"

जयंतराव समोर रस्त्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी श्रीपाद आणि अलका देवासला गेले. वासंतीने तिच्यामागे खिडकीशी गेलेला पलंग ओढून पुन्हा भिंतीशी आणला. घंटी उशाशी ठेवली. काठी माळ्यावर टाकली नाही, पण कपाटामागे ठेवली. पहाटे कोमट पाणी, मग गोळ्या, मग अंग पुसणं, मग मऊ भात. तिने चुकलेल्या दहा दिवसांची भरपाई करायची म्हणून दुप्पट केलं. जयंतराव ती उठवेल तेव्हा उठले, निजवेल तेव्हा निजले. तिने बोटीचे फोटो दाखवायला फोन पुढे धरला, तेव्हा त्यांनी एक पाहिला आणि डोळे मिटले.

"थकलात का?"

"हं."

चौथ्या दिवशी दुपारी ती त्यांना वरणभात भरवत होती. तिसऱ्या घासाला त्यांनी तोंड उघडलं नाही. डावा हात उचलून चमच्यावर ठेवला.

"सांडेल."

"सांडू... दे."

"अहो, आत्ताच चादर बदलली आहे. आ करा बघू."

त्यांनी चमचा ओढला, तिने सोडला नाही. मग त्यांचा हात सुटला की त्यांनी मुद्दाम मारला ते तिला कळलं नाही. वाटी उडाली, भिंतीवर आपटली आणि पिवळं वरण भिंतीवरून खाली ओघळायला लागलं.

"मग जा!" वासंती ओरडली. "जा अलकाकडे! तिच्याजवळ राहा. पडा रोज!"

शेजारच्या घरातला टीव्हीचा आवाज थोडा कमी झाला. वासंतीने फडकं आणलं, भिंत पुसली, फरशी पुसली. पुसून झाल्यावरही ती तिथेच फरशीवर, पलंगाला पाठ टेकून बसून राहिली. जयंतरावांना तिचा चेहरा दिसत नव्हता. तिलाही त्यांचा नाही.

मग ते म्हणाले, "अलका... माझ्याकडे बघत नाही."

"म्हणजे?"

"टीव्ही बघते. दहा दिवस... कुणी बघत नव्हतं. मी जेवलो... डाव्या हाताने. सांडलं. तिने... पाहिलंच नाही." शब्द गोळा करायला ते थांबले. "तू बघतेस. सारखी. मी पडेन म्हणून. तुझ्या डोळ्यांत... मी रोज पडतो."

वासंतीने हातातल्या फडक्याची घडी केली, मोडली.

"मी झोपलो गं," ते म्हणाले. "तू नव्हतीस तर... छान झोपलो."

वासंती ऐकत होती. तिला जे वाटलं ते नुसतं दुःख नव्हतं. सहा वर्षं आपण त्यांच्या उशाशी जागत होतो, आणि ते आपण जागे आहोत म्हणून जागे होते. तिला बोटीवरची ती पहिली सकाळ आठवली, ते हलकं अंग.

"मी पण," ती म्हणाली.

"काय?"

"झोपले. बारा तास." तिने मान वळवली नाही. समोरच्या ओल्या भिंतीकडे बघत ती बोलत होती. "आणि एक सांगते. मंगळवारी मी फोन करायला विसरले नव्हते. म्हणजे विसरले होते, पण नुसतं तेवढं नाही. डेकवर बसले होते. तिथे एक नाव होती, तारेला बांधलेली, इंजिनाशिवाय पलीकडे जात होती..."

"प्रवाहावर," जयंतराव म्हणाले. "माहीत आहे."

"हो. ती बघताना मला वाटलं, परत जाऊच नये. तुमच्याकडे परत येऊ नये." तिचा आवाज फाटला. "आणि तेव्हाच तुम्ही पडलात."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

"एकच दिवस... वाटलं?"

वासंतीने डोळे पुसले. "दोन दिवस," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने दुरुस्ती केली. "तीन."

तिच्या मागे पलंग हलल्यासारखा झाला. तिला वाटलं ते रडतायत. तिने वळून पाहिलं. जयंतराव हसत होते. चेहऱ्याच्या एकाच बाजूने, खांदे हलवत, आवाज न करता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा डावा हात स्वतःच वर गेला.

"चहा... कर," ते म्हणाले. "आणि ती... काठी दे."

तिने कपाटामागून काठी काढली, त्यांच्या हाताजवळ ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. जाणं सोपं नव्हतं. मागून खुडबूड ऐकू आली: चादर ओढल्याचा आवाज, पलंगाची करकर, काठीचे रबरी पाय फरशीवर टेकल्याचा आवाज. तिने चहाचं आधण ठेवलं. आलं किसायला घेतलं आणि किसता किसता थांबली. आवाज बंद झाला होता. मग पुन्हा सुरू झाला: एक पाऊल, काठी, एक पाऊल. मग वेताच्या खुर्चीची कुरकुर. ते व्हरांड्यात जाऊन बसले होते.

चहाला उकळी फुटायच्या बेतात होती तेव्हा सिलिंडरवाल्याने फाटकाची कडी खडखडवली.

"गैस!"

वासंतीने शेगडी बारीक केली, पदर कमरेला खोचला आणि ती दाराकडे वळली.

"मी!" व्हरांड्यातून जयंतरावांचा आवाज आला. "मी... जातो."

व्हरांड्याला दोन पायऱ्या होत्या. मग फाटकापर्यंत बारा-पंधरा पावलं, त्यातली एक फरशी उचकटलेली. वासंतीचे पाय ओट्यापासून निघाले आणि स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी थांबले. तिने चौकट धरली. इथून फाटक दिसत नव्हतं. पुढच्या खोलीत गेलं असतं तर खिडकीतून सगळं दिसलं असतं.

काठीचा आवाज पहिल्या पायरीवर आला. मग काहीच नाही.

"अरे, कोई है?" फाटक पुन्हा जोरात खडखडलं. "जल्दी करो, आगे भी जाना है."

मागे चहा उतू गेला. शेगडीवर चुर्र आवाज झाला, दुधाचा जळका वास पसरला. वासंती हलली नाही. चौकटीवरची तिची बोटं पांढरी पडली होती. तिने मान किंचित उंच केली आणि जिथून काहीच दिसत नव्हतं तिथूनच मोठ्याने ओरडून सांगितलं,

"भैया, ज़रा रुकना. सर आ रहे हैं."